सोन्यावरचा पांढरा पंख

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. चर्चमध्ये कन्फेशनला गुडघे टेकते, बाकी सगळं बोलते — हे गिळते. आज तुम्हाला का सांगतेय? जीव गुदमरतो म्हणून, दुसरं काय.

मी वसईची. दुबईत अल क्वोजच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. श्रीमंतांच्या घरची चित्रं, मूर्ती आम्ही पॅक करून पोचवतो. एका उन्हाळ्यात जुना जपानी पडदा आला — लाकडी चौकटींचा, घडी होणारा, अख्खा सोन्याच्या वर्खाने मढवलेला. त्यावर पांढरे सारस. शिंपल्यांच्या भुकटीचा तो रंग दमट उष्णतेत चिकटतो, म्हणून घडी घालताना मध्ये पातळ कागद घालायचाच. हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

कागद संपला होता. ट्रक दारात उभा. आमचा पॅकर दत्ताराम, गुहागरचा, कागदासाठी अडून बसला. मीच खेकसले, "राहू दे रे! इथे जुमेराला तर जायचंय. यल्ला, चल लवकर!"

ट्रक बिघडून दुपारभर उन्हात उभा राहिला. पडदा उघडला तेव्हा एका सारसाचा पंख निघून समोरच्या कोऱ्या सोन्यावर बसला होता.

साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. साहेब इंग्रज. दत्तारामचं इंग्रजी 'यस सर'च्या पुढे गेलेलं नव्हतं, त्याचं म्हणणं मीच सांगायचे. तो माझ्याकडे वळला. "ताई, सांगा ना त्यांना. कागद मी मागितलेला. तुम्हीच बोललात, राहू दे."

आणि मी — लिहूनच टाकते — मी म्हटलं, "ही सेज ही फरगॉट, सर."

त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघंच. माझा व्हिसा, माझ्या मुलीची शाळा, सगळं डोळ्यांपुढे आलं, खरंय. पण त्यालाही दोन मुली होत्या. त्यांचे फोटो मीच कौतुकाने पाहिले होते ना?

त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. निघताना त्याने हात जोडले. "पोलीस केस नाही केली, नुसतं घरी पाठवतायत. तुम्ही शब्द टाकलात म्हणूनच ना, ताई?"

मी 'हो' म्हणाले. तेवढं तरी गप्प राहायचं होतं. तेही जमलं नाही.

दर नाताळला गुहागरहून फोन येतो. दत्ताराम तो मुलींच्या हातात देतो, मागून सांगताना ऐकू येतं — ह्या ताईंनी मला वाचवलं.

"थँक यू, आत्या," मुली म्हणतात.

मी 'वेलकम' म्हणते.