सुरूची रोपं आणि कुंदा

कानबाई देवीच्या सणासाठी नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडायला घेतले होते. निम्मे सुपात, निम्मे अजून पोत्यात. तेवढ्यात माझे मोठे दीर हेमकांतदादा दारात आले. "मोहिनी, सुरूना झाडे पिवळा पडी ऱ्हायनात," एवढंच म्हणाले. गहू तसेच ठेवून मी त्यांच्यामागे शेतात गेले.

दादांचा जन्म या रानात गेला. वहिनी गेल्या, गुडघे गेले, केळी झेपेना. म्हणून यंदा पावसाच्या तोंडावर लाकडासाठी, कमी कष्टाचा सुरू लावला. मुलाने, भावेशने, सुरतेहून बजावलं होतं, "रोपं जगली तर राहा गावात. नाहीतर जमीन दुसऱ्याला खंडाने कसायला देऊ, तुम्ही इकडे या." तिकडे चौथ्या मजल्यावर दादा दिवसभर काय करतील, देव जाणे.

वीतभर रोपं आणि भोवती कुंदा गवत. खुरपलं की दुप्पट उगवायचं. नंदुरबारला कय्युमभाईंनी दुकानात तीन तणनाशकं पुढे ठेवली. "हे वरचं हिरवं जाळतं, कुंदा परत फुटेल. हे रुंद पानांचं तण मारतं, गवताला काही होत नाही. वाऱ्याने उडालं तर शेजाऱ्याची कपाशी जाईल. तिसरं मुळापर्यंत उतरतं. पण काका, रोपावर पडलं तर रोपही जाईल. झाकून मारा."

दादांनी तिसरं आणलं. मजुरीला येणारी भुरीबाई रोपावर घमेलं पालथं घालायची, दादा भोवतीने फवारायचे. दोन ओळी झाल्या आणि नागपंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडे जमिनीला लोखंड लावत नाहीत. भुरीबाई तर शेतात पाऊलही टाकत नाही. दादांना वाटलं, फवारण्याने भुई थोडीच दुखावते? रविवारी कानबाईला भावेश येणार, त्याला रान स्वच्छ दिसावं. एकट्यानेच फवारलं, उघड्या रोपांत, वाऱ्यात.

झाकलेल्या दोन ओळी हिरव्या. बाकी सगळं शेंड्यापासून पिवळं.

"पानी मारीसन धुई टाकूत का, दादा?"

"आते धुईसन काय व्हई? मुळापर्यंत गयं ते."

बांधावरून भुरीबाई म्हणाली, "एक दिन दम नई निंघना तुम्हले, भाऊ? कुंदा काय पळी जाणार व्हता?"

मी कानबाईला हात जोडले. काय मागावं ते सुचेना.

तिथूनच दादांनी भावेशला फोन लावला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. खंडाच्या कागदाला सातबारा लागेल, म्हणाला.

उद्या सकाळी दादा तलाठ्याकडे सातबारा आणायला जाणार आहेत.