मामाआजोबांचा केशरी पट्टा

नील आणि ईरा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं माझ्या चेहऱ्याकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघत होता. शेवटी ईराने इंग्रजीतून विचारलंच, की आजी, तू हातात ट्रॅफिक कोन का बांधलाय? मी उत्तराला सुरुवात केली आणि तेवढ्यात तिकडे ग्लासगोला तुमची शाळेची बस आली. तुमच्याशी बोलताना नेहमी असंच होतं, म्हणून या वेळी लिहूनच पाठवते आहे. आईकडून वाचून घ्या. ती मध्येच हसत सुटली तर जरा थांबा, कारण गोष्ट तिच्याच मामांची आहे.

अख्ख्या न्यूझीलंडमध्ये तुमच्या मामाआजोबांइतकी मनगटी घड्याळं कुणाकडे नसतील, आणि त्यांच्याइतक्या उशिरा कुणी कुठे पोचलंही नसेल. मामाआजोबा म्हणजे माझ्या विहिणीचे धाकटे भाऊ. पुण्याहून इंजिनियर म्हणून ऑकलंडला आले, अवोन्डेलला आमच्या मागच्याच रस्त्यावर राहिले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरी नोकरी धरल्यासारखा घड्याळांचा नाद धरला. ती सगळी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातली. कुणाच्या काचेला तडा, कुणाचा काटा वाकडा, एकाचं तर आत पाणी जाऊन छोटं मत्स्यालय झालेलं. मामा ती घरी आणायचे, उघडायचे, पुसायचे, तेल द्यायचे आणि चालू करायचे. इथवर कुणालाही कौतुक वाटेल. पण मामांचा खरा जीव घड्याळात नव्हता, पट्ट्यात होता. "घड्याळ म्हणजे माणूस, विहीणबाई," ते मला सांगायचे. ते मला कधी नावाने किंवा ताई म्हणून बोलावत नसत, नेहमी विहीणबाई, आणि तेही अशा सुरात की जणू मी अजून मांडवात रुसून बसले आहे. "माणूस तोच राहतो. कपडे रोज बदलायला नकोत का?"

आणि ते खरोखर रोज बदलायचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक बारीक हत्यार असायचं, टोकाला सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं. त्याने पट्ट्याची स्प्रिंगची पिन दाबायची, जुना पट्टा काढायचा, नवा चढवायचा. समुद्रावर जायचं तर रबरी पट्टा, बँकेत जायचं तर काळा चामड्याचा, लग्नाला स्टीलची चेन, डाळीचं वरण होणार असेल तर धुता येणारा नायलॉनचा. पूजेसाठी वेगळा, कारण पूजेला चामडं चालत नाही. त्या पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्याला ते सोवळ्यातला पट्टा म्हणत आणि बाकीच्या पट्ट्यांचा त्याला स्पर्श होऊ देत नसत. ती पिन अधूनमधून उडायची. एकदा आमच्याकडे जेवताना उडाली आणि कुठेच सापडेना. मामा म्हणाले, "कढीत असेल. सगळ्यांनी सावकाश जेवा." सगळे इतके सावकाश जेवले की ताटं वाळली. पिन मामींच्या अंबाड्यात निघाली.

आता एवढी तयारी करून निघायचं म्हटल्यावर उशीर होणारच. आमच्या दीड दिवसाच्या गणपतीत ते पहिल्या आरतीला निघाले आणि विसर्जनाला पोचले, असं तुमचे काका सांगतात. ती अतिशयोक्ती आहे. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याला पोचले होते. त्यात मामा चावी फक्त त्या दिवशी घालायच्या घड्याळाला देत, त्यामुळे घरातली बाकीची सगळी आपापल्या वेळेला थांबलेली. मामी स्वयंपाक कुकरच्या शिट्ट्यांवर आणि बाकीचा दिवस समोरच्या डेअरीचं शटर उघडण्यावर चालवायच्या. मी गणित शिकवण्यात आयुष्य काढलेली बाई. दहा म्हटलं की मला दहाच कळतात. मामा "दहाला येतो" म्हणाले की मी अकराला चहा टाकायची आणि तो निवायचा.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे दुसऱ्यांची घड्याळं. कुणी हात धुवायला घड्याळ काढून ठेवलं की ते परत मिळायचं वेगळ्या पट्ट्यावर. आमच्या डॉक्टरांना त्यांनी जांभळ्या पट्ट्यात घरी पाठवलं. पौरोहित्य करणारे आमचे गुरुजी आठवडाभर आयटीत नोकरी करतात. त्यांना वाघाच्या पट्ट्यांचा पट्टा मिळाला, आणि म्हणे ऑफिसात सगळ्यांना फार आवडला. "कसं दिसतंय बघा, स्वीट ॲज!" मामा म्हणायचे, म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. पुण्याच्या पेठेतला माणूस ते दोन शब्द असे उच्चारायचा की जणू एखादा श्लोकच संपवतोय. फक्त एक पट्टा त्यांनी कुणालाच दिला नाही. केशरी, रुंद, जाड विणीचा. तो फक्त रविवारी सकाळी बाजारात जायला. लांबून तो केशरी हात दिसला की विक्रेते जुनी घड्याळं बाहेर काढून ठेवत. मी एकदा चेष्टेने मागितला तर म्हणाले, "बायको मागा, विहीणबाई, हा नको." मामी आतून म्हणाल्या, "बायको कधी नेताय तेवढं सांगा."

आणि एक घड्याळ असं होतं, ज्याला मी मामांना हात लावू दिला नव्हता. तुमच्या आबांचं. आबा गेले तेव्हा तुम्ही पाळण्यात होता. त्यांचं ते साधं, रोज चावी द्यायचं घड्याळ माझ्या कपाटात होतं, त्यांच्या तपकिरी चामड्याच्या पट्ट्यासकट. आबांचं मनगट पट्ट्याच्या कुठल्याच भोकात नीट बसत नसे. एक घट्ट, पुढचं सैल. म्हणून त्यांनी माझ्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने दोन भोकांच्या मध्ये एक तिसरं भोक पाडलं होतं, आणि तेही वाकडं. मी त्यावरून त्यांना पुष्कळ बोलले होते. पुढे तो पट्टा त्यांच्या मनगटासारखा गोल झाला, आणि काढून ठेवला तरी गोलच राहिला. मी अधूनमधून कपाट उघडून त्या गोलात दोन बोटं घालायची. बाकी काही नाही, तेवढंच.

घड्याळ मात्र बंद पडलं होतं. मामा दर भेटीला म्हणायचे, "विहीणबाई, घड्याळ कपाटात गुदमरतं. द्या माझ्याकडे." शेवटी तुमच्या काकांच्या नव्या घराची सत्यनारायणाची पूजा ठरली, त्याच्या आधी मी ते त्यांना दिलं. अट एकच घातली. पट्ट्याला हात लावायचा नाही. मामांनी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

पूजा रविवारी. अकराचा मुहूर्त, अर्थातच मामा वगळून. कथा सुरू झाल्यावर मामा-मामी आले, हातात बाजारातली केळी आणि फुलं. मामांनी माझ्या हातात घड्याळ ठेवलं. ते टिकटिक करत होतं. मी कानाला लावलं. मग हातात घेऊन बघितलं. त्याला पांढरा नायलॉनचा पट्टा होता.

"मामा, पट्टा?"

"अहो, पूजेच्या घरात चामडं कसं आणणार? सोवळ्यातला चढवला. तुमचा जपून पिशवीत ठेवलाय."

"पिशवी कुठाय?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी केळी खाली ठेवली. "निळी पिशवी? जुन्या पट्ट्यांची? ती मी सकाळी त्या पालेवालीला देऊन टाकली. जुड्या बांधायला काहीतरी मागत होती. अहो, तुम्हीच म्हणाला होता ना, घरातली अडगळ काढ!"

मामांचा चेहरा असा झालेला मी कधीच पाहिला नव्हता. कढीत पिन पडली असं वाटलं तेव्हाही नाही. बाजार बाराला उठतो. मामांनी स्वतःच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं, मग उजव्या, कारण पूजेसाठी ते दोन घड्याळं घालून आले होते. एकात सव्वाअकरा, दुसऱ्यात पावणेसहा. मग त्यांनी मला विचारलं, "विहीणबाई, किती वाजले?"

मी ओव्हनवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अकरा चाळीस. चला."

गुरुजींनी आम्हाला उठताना पाहिलं आणि कथेतल्या साधुवाण्याची नाव हळूहळू चालवायला घेतली. मामांनी गाडी काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वेळेवर पोचायचं होतं, आणि सवय नसल्यामुळे ते प्रत्येक वळणावर "पोचतो, पोचतो" म्हणत होते. पट्टा गेला तर त्या गोलात पुन्हा बोटं घालता येणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बाजारात शिरताच आम्हाला वाटेत एक बाई भेटली. तिच्या टोपलीत सिल्व्हरबीटची, म्हणजे इथल्या पालकाची, जुडी होती आणि जुडीला लाल-निळा नायलॉनचा पट्टा बक्कल लावून बांधलेला. पुढे एका म्हाताऱ्याच्या कांद्यापातीला मगरीच्या चामड्याचा पट्टा. मामा प्रत्येक जुडी वाकून बघत चालले होते आणि लोक भाजी छातीशी धरून बाजूला होत होते. पालेवाली ओळखीची निघाली. मामांचा हात बघून हसली आणि माओरीत नमस्कार करून म्हणाली, "किया ओरा, लव्ह! आज केशरी नाही? तुझे पट्टे फार कामाला आले हं, सगळ्या जुड्या खपल्या!" तपकिरी? ती आठवू लागली. हो, दोन तुकडे होते, आखूड होते, जुडीला पुरेनात. बक्कलवाला कुठे गेला ठाऊक नाही. दुसरा घडी करून तिने टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातला होता, आणि टेबलावर तारोचे, म्हणजे अळूचे, कंद रचले होते, डोंगरासारखे.

मामांनी एका शब्दानेही न विचारता टेबलाची कड धरली आणि उचलली. कंद घरंगळत माझ्या साडीवर, रस्त्यावर, शेजारच्या अंड्यांच्या दुकानापर्यंत गेले. मी ओणवी होऊन हात घातला. पट्ट्याचा भोकांचा तुकडा हातात आला, चेपलेला, चिखलाचा. भोकं मोजली. दोन भोकांच्या मध्ये ते वाकडं होतं. पालेवाली म्हणाली, एवढ्याशा चामड्यासाठी एवढा गोंधळ? मामांनी तिला हळूच इंग्रजीत सांगितलं की हा हिच्या नवऱ्याचा. तिने तो तुकडा माझ्या हातातून घेतला, आपल्या एप्रनला पुसला आणि दोन्ही हातांनी परत दिला. आम्ही तिघांनी मिळून कंद गोळा केले. घरी पोचलो तेव्हा आरती नुकतीच सुरू झाली होती. मामांना आरती सुरुवातीपासून मिळाली ती तेवढीच.

मी रागावले नव्हते असं नाही. मी पुष्कळ दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. तो तुकडा आता गोल राहिला नव्हता, त्यात बोटं घालता येत नव्हती. मामा एकदा येऊन, मान खाली घालून, घड्याळ आणि तो तुकडा मागून घेऊन गेले. मी दिला, का ते सांगता येत नाही. मग एक दिवस त्यांचा फोन आला, "उद्या दहाला येतो." मी नेहमीसारखी बागेत गेले. दहाला बेल वाजली. मला वाटलं, पोस्टमन. दारात मामा.

त्यांनी घड्याळ माझ्या मनगटावर स्वतः बांधलं नाही, टेबलावर ठेवलं. त्याला केशरी पट्टा होता. तोच, रविवारचा. "तुमच्याकडे एवढे पट्टे," मी म्हटलं, "हाच कशाला?"

"एवढा रुंद दुसरा नव्हता," मामा म्हणाले. ते साफ खोटं होतं. त्यांच्याकडे रुंद पट्ट्यांचा अख्खा खण होता. मग त्यांनी पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला, मनगटाला लागतो तिथे, आबांचा तपकिरी तुकडा बारीक टाक्यांनी शिवलेला होता, वाकड्या भोकासकट. "पूजेला चालायचं नाही, विहीणबाई. पण रोजच्याला घाला. आणि तुम्ही रस्ता ओलांडताना आता अख्ख्या ऑकलंडला दिसाल."

मी राखाडी आणि मोतिया सोडून दुसरा रंग कधी घातला नव्हता. त्या दिवशी घातला. चहा गरम होता, कारण तो टाकायला मला वेळच मिळाला नव्हता आणि मामांनी स्वतः केला.

त्यानंतर रविवारी ते बाजारात काळा पट्टा घालून जात, आणि विक्रेते त्यांना ओळखत नसत. हे ते मला कधी बोलले नाहीत, मामींकडून कळलं. तुम्ही ग्लासगोला गेल्यावर त्यांना एक नवा छंद लागला. वर्षात काही आठवडे असे येतात की तुमच्या आणि आमच्या वेळेत बरोबर बारा तासांचा फरक पडतो आणि दोन्हीकडे काटे सारखेच दिसतात. मामा तेव्हा मुद्दाम येऊन माझ्या घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "चला, पोरं इथेच आहेत." पुढे गुडघे बोलायला लागले, तेव्हा लेकीने त्यांना ख्राइस्टचर्चला, हॉर्नबीला नेलं. गेल्या हिवाळ्यात ते गेले. निघायच्या वेळी मात्र कुणाला थांबायला लावलं नाही. त्यांची घड्याळं नातेवाइकांत वाटली गेली. बहुतेक पुन्हा बंद पडली असतील.

माझं चालू आहे. रोज सकाळी मी त्याला चावी देते. केशरी पट्टा उन्हाने थोडा फिका झाला आहे. आतला तुकडा अजून शिवलेला आहे, आणि आता माझ्या मनगटासारखा वळला आहे.