बाईंचा गळा

आमचं संगीत विद्यालय नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या माडीवर होतं. खाली चित्रकलेची शाळा, समोर वाचनालय. संध्याकाळी जिना चढताना तेलरंगांचा वास यायचा आणि वर पोचेपर्यंत ठेका कानावर पडायचा. नव्वद सालानंतरची ती वर्षं. आम्ही राहायला शाहूपुरीत. अप्पांचं गुळाचं दुकान होतं. घरात माझ्याआधी कुणी गाणं शिकलेलं नव्हतं. अव्वा, म्हणजे माझी आई, निपाणीकडची. सकाळी पूजेला बसली की कन्नड वचनं म्हणायची, तेवढंच काय ते आमच्या घरातलं गाणं.

तीच मला घेऊन विद्यालयात गेली. बाईंना म्हणाली, "पोरीला आवाज हाय म्हणत्यात सगळी. हाय का न्हाय ते तुमीच बघा."

बाईंनी मला सा लावायला सांगितला. डोळे मिटून ऐकला. म्हणाल्या, "आहे. पण वेळ लागेल. घाई नाही ना?"

"आमाला कसली घाई आलीया?" अव्वा म्हणाली, आणि त्या दिवसापासून मी बाईंची झाले.

बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. विद्यालयाच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. तबल्याला एक काका यायचे, पोस्टातून निवृत्त झालेले. बाई तरुण होत्या तेव्हापासून त्यांच्या साथीला तेच. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. बाईंनी भुवई उचलली की काका लय वाढवत, एवढाच त्यांचा संवाद. बाईंचा आवाज गोड म्हणावा असा नव्हता. जाड होता, भरदार होता, आणि खाली उतरला की आमच्या सतरंजीखालची फळी थरथरतेय असं वाटायचं. यमन शिकवताना त्या एकच निषाद पुन्हा पुन्हा लावून दाखवायच्या, आणि आम्ही मुली एकमेकींकडे बघायचो. तसा तो कुणाचाच लागत नसे.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी बाईंचा घसा बसला. पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. त्या ज्येष्ठमध चघळायच्या, गरम पाणी प्यायच्या, "धूळ फार झालीय गावात," म्हणायच्या. दिवाळी झाली, संक्रांत झाली, घसा सुटेना. शेवटी काकाच त्यांना मिरजेला दवाखान्यात घेऊन गेले.

तिथून आल्यावर बाईंनी आम्हाला समोर बसवलं. "स्वरयंत्र काढावं लागणार आहे. रडायचं नाही. जीव राहील असं डॉक्टर म्हणतात."

काका तबल्यावर हात ठेवून नुसते बसून होते. एका मुलीचे वडील तिला न्यायला आले होते. ते म्हणाले, "बाई, उद्या टेपरेकॉर्डर आणतो. थोडं गाऊन ठेवा."

"नको," बाई म्हणाल्या. "हा आजाऱ्याचा आवाज आहे. चांगला होता तेव्हा कुणाला सुचलं नाही. आता हा ठेवू नका."

मग त्यांनी तंबोरा जुळवला आणि त्या फाटलेल्या आवाजात आमची राहिलेली चीज पुरी करून घेतली. अंतरा दोनदा म्हटला. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज मध्येच विझला, तशा हातानंच खूण करून म्हणाल्या, पुढचं तुम्ही म्हणा. आम्ही म्हटलं. कशीबशी.

ऑपरेशननंतर बाई परत आल्या तेव्हा गळ्यावर पांढरा मऊ रुमाल बांधलेला असायचा. त्याच्याखाली भोक होतं, त्यातून त्या श्वास घ्यायच्या. बोलायचं असलं की पाटीवर लिहायच्या. श्वासाचा एक फुसफुस आवाज यायचा. लहान मुली घाबरायच्या. एकेक करत मुली यायच्या बंद झाल्या. गल्लीतच दुसऱ्या टोकाला नवा क्लास निघाला होता, सुगम संगीताचा, तिकडे गर्दी झाली.

आमच्याही घरी विषय निघाला. अप्पा जेवताना म्हणाले, "बाईंस्नी आवाजच न्हाय, तर पोरीला शिकवणार काय त्या? दुसरा क्लास बघूया की."

अव्वा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "गळा गेलाय त्यांचा. कान गेल्यात व्हय?"

मी क्लासला जात राहिले.

त्यानंतरची वर्षं आठवली की मला बाईंची बोटं आठवतात. त्या पेटीवर सूर धरायच्या आणि दुसऱ्या हाताची बोटं माझ्या हनुवटीखाली, गळ्याला टेकवायच्या. थंड असायची. सूर चढा लागला की हलकेच दाबायच्या. बरोबर लागला की बोटं तशीच राहायची, जरा जास्त वेळ. एकदा मी यमन गात होते. सहज बघितलं तर बाईंचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. शब्द न् शब्द, हरकत न् हरकत. नुसती हवा रुमालातून ये-जा करत होती. काकांचा ठेका थांबला. ते उठून खिडकीशी गेले आणि खालच्या चित्रकलेच्या मुलांकडे बघत उभे राहिले. बाईंनी रागानं पेटीवर थाप मारली, तसे परत येऊन बसले.

विद्यालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला मला गायला बसवलं. तंबोऱ्यावर बाई होत्या. बाहेरगावचे एक पाहुणे पुढच्या रांगेत होते. त्यांनी पूर्वी कधी तरी बाईंना ऐकलं असावं. माझं गाणं संपल्यावर ते हौसेनं मोठ्यानं म्हणाले, "आता बाई, तुम्ही म्हणा की थोडं!"

कुणीतरी वाकून त्यांच्या कानात सांगितलं. त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. बाई मात्र हसल्या, त्यांना हात जोडले, आणि मला बोटानं खूण केली, आणखी एक म्हण. मी म्हटली भैरवी. काय गायले ते मला आजही सांगता येणार नाही.

दुखणं परत उलटलं तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. बाई पुन्हा मिरजेला. मी आणि अव्वा भेटायला गेलो. त्या फारच लहान दिसत होत्या, कॉटवर शाळकरी पोरीसारख्या. काका स्टुलावर बसून होते. बाईंनी माझ्या हिरव्या बांगड्यांवरून हात फिरवला. मला वाटलं, गावं. दुसरं मी त्यांना काय देणार होते? अगदी हलक्या आवाजात मी यमन सुरू केला.

बाईंनी झटकन हात पुढे करून माझ्या तोंडावर ठेवला. मान हलवली. मग पाटी मागितली आणि लिहिलं, 'ऐकवत नाही.'

मी ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी आमची गाणी त्यांनी कशी ऐकून घेतली असतील, हा विचार तोवर माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. बाईंनी पाटी पुसली आणि अव्वाला विचारलं, 'लग्नात जेवायला काय करणार?' अव्वानं डोळ्याला पदर लावला, आणि गव्हाची गोड हुग्गी, येळ्ळूची म्हणजे तिळाची चटणी, कडक भाकरी असं सगळं सावकाश सांगितलं. बाई मन लावून ऐकत होत्या.

त्या माझं लग्न व्हायच्या आधीच गेल्या. पंचगंगेवरून परत आल्यावर मी सुन्न होऊन परसात बसले होते. डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं. अव्वा जवळ आली. म्हणाली, "रड की गं. मोकळ्या गळ्यानं रड. दाबून ठिऊ नगंस." तेव्हा कुठं मी रडले, शेजारच्या बायका बाहेर आल्या इतक्या मोठ्यानं.

मुली उरल्या नव्हत्या, शिकवायला कुणी नव्हतं. समितीनं विद्यालय बंद केलं. माडीवर प्लायवूडच्या भिंती उभ्या राहिल्या आणि संगणकाचा क्लास सुरू झाला. मी कागलला सासरी आले आणि तिथल्याच शाळेत संगीत शिकवायला लागले. माहेरी गेले की काकांकडे जायची. तबला त्यांनी कपाटावर ठेवून दिला होता. एकदा म्हटलं, काका, मी गाते, तुम्ही ठेका धरा. त्यांनी एकदा कपाटाकडे बघितलं.

"पोरी, भुवई उचलणार कोण?"

मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. आम्ही चहा घेतला. मी शेवटच्या एसटीच्या आधीच्या गाडीनं कागलला परत आले.