ढब्बूच्या गाण्याचं शेवटचं मिनिट

तिला सगळे सुई म्हणायचे. नाव तिनेच ओढवून घेतलेलं. स्केटिंगच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी ती रेकॉर्डी लावायची आणि कोणी कौतुकाने जवळ आलं की खेकसायची, "सुईला हात लावायचा नाही!" एकोणिसाव्या वर्षी चिकटलेलं नाव पंचेचाळिशीतही सुटलं नव्हतं.

वाजवायची ती ट्रान्स नावाचं नाचाचं संगीत. आठ-नऊ मिनिटांचं एकेक गाणं, खाली न थकता चाललेला ठोका आणि वर हळूहळू चढत जाणारी सुरावट. चाकांचे बूट घालून गोल फिरणाऱ्यांना ते असं काही मानवलं, की आधी कपाळाला हात लावणारा हॉलचा मालक पुढे जाहिरातीत तिचंच नाव मोठं छापायला लागला. मग दुसरे हॉल झाले, दुसरी शहरं झाली. रोजीरोटी मात्र इस्पितळाच्या धुलाईखान्यातच राहिली. आठवडाभर चादरी आणि सुट्टीला ठोके, असं सव्वीस वर्षं. "तुझं एक गाणं ऐकलं की सगळी ऐकली," आई म्हणायची. सुई हसून सोडून द्यायची, पण लागायचं तिला.

मग तिने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढायचं घेतलं. कंपनी कसली, टायरच्या दुकानावरची एक खोली! एक टेबल, तबकड्या फिरवायची दोन टर्नटेबल, मधे एका गाण्यातून दुसऱ्यात जायचा मिक्सर. लोक म्हणाले, या वयात हे काय खूळ? ती म्हणाली, "कोणत्या वयात शोभलं असतं ते सांगा, तेव्हा का नाही सुचवलंत?"

पहिली रेकॉर्ड ढब्बूची काढायची हे ठरलेलंच होतं. ढब्बू म्हणजे त्याच हॉलमध्ये भाड्याने बूट देणारा तिचा जुना मित्र. तेव्हा तो काउंटरखाली टेप ठेवून तिचं वाजवणं भरून घ्यायचा. आता बसगाड्या दुरुस्त करायचा आणि चार वर्षं एकाच गाण्याशी झटत होता. पुरं झाल्यावर त्याने ते तिला पाठवलं आणि विचारलं, "शेवट कसा वाटला?"

"झकास!" सुई म्हणाली.

आता इथे तिचं पितळ उघडं पाडायलाच हवं. तिने शेवट ऐकलाच नव्हता. ही या धंद्याची खोड आहे. एक गाणं संपत आलं की त्याच्या पोटात दुसरं सरकवायचं, म्हणजे पाय थांबत नाहीत. त्यामुळे शेवटचं मिनिट कानावर पडतच नाही. सव्वीस वर्षांत सुईचा हात असा बसला होता, की घरी एकटी असली तरी ती आठव्या मिनिटाला सुई उचलायची. ढब्बूने पाठवलेलं गाणंही तिने तिथेच बंद केलं होतं. रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यातून नमुन्याची तबकडी आली तेव्हाही तेच झालं. सोबतच्या कागदावर 'पूर्ण ऐकली' असा चौकोन होता. तिने त्यात बिनधास्त खूण केली, सही ठोकली. तीनशे तबकड्या छापून आल्या, त्यातल्या निम्म्या टपालाने गिऱ्हाइकांकडे गेल्यासुद्धा.

आणि एका दुपारी आई म्हणाली, "अगं, तुझं गाणं संपत कसं नाही? परवा मी लावलं, भांडी घासली, धुणं वाळत घातलं, तरी आपलं चालूच!"

"मग मला तेव्हाच नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुझी असतात तशीच."

सुईने तबकडी लावली आणि पहिल्यांदाच हात मागे ठेवले. आठव्या मिनिटाला ठोका थांबला. फरशीवर चाकांची घरघर ऐकू आली, मग खट्. पुन्हा तीच घरघर, पुन्हा खट्. टर्नटेबलची सुई एकाच रेघेत अडकली होती. तिने दुसरी तबकडी लावली, तिसरी लावली. सगळीकडे तेच.

कारखान्यातल्या माणसाने हात वर केले. "बाई, खूण तुमची, सही तुमची."

त्याच्याशी भांडून काय होणार? तिने बस पकडली आणि थेट ढब्बूच्या गॅरेजात गेली. फार आडवळणाने सांगणं तिला येतही नव्हतं. "मी तुझा शेवट ऐकलाच नव्हता. खोटं बोलले."

ढब्बूने हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे त्यात काय आहे हे तुला माहीतच नाही."

"नाही. घरी जाऊन आज ऐकते."

"नको. आता तबकडीवरच ऐक. आणि या वेळीही बिघडली तर गाणं मी परत घेणार, सुई. मग तुझी कंपनी आणि तू."

ती दातओठ खात कामाला लागली. गेलेल्या तबकड्या एकेकाला फोन करून परत मागवल्या. काहींनी टोमणे मारले, ते तिने गिळले. नव्या छपाईसाठी एक टर्नटेबल विकलं. एका टर्नटेबलवर गाण्यात गाणं सरकवता येत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. आईने विचारलं, "आता गं कसं वाजवणार?" ती म्हणाली, "एकेक गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

महिन्याने नवा नमुना आला. ढब्बू येऊन बसला, आईही बसली. आठवं मिनिट आलं आणि सुईचा हात सवयीने उठला. तिने तो दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. ठोका थांबला. चाकांची घरघर आली आणि या वेळी पुढे गेली. मग काउंटरखालच्या त्या जुन्या टेपवरचा एक कोवळा, बेफिकीर आवाज आला: "ए, पळू नका रे! अजून एक फेरी! संपलं नाहीये अजून!"

आवाज तिचाच होता, एकोणिसाव्या वर्षीचा. सुईला रडू फुटलं आणि तिने ते लपवलंही नाही. तबकडी अगदी टोकापर्यंत गेली.

"संपलं हो एकदाचं!" आई म्हणाली.

"शेवट कसा वाटला?" ढब्बूने विचारलं.

सुईने कागद पुढे ओढून 'पूर्ण ऐकली'वर खूण केली, सही केली आणि सुई उचलून पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली.