जखम आधी वाळू द्यायची

विठ्ठलरावांचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. "नीला, ती गेली," एवढंच ते म्हणाले आणि फोन बंद करायला विसरले. पलीकडून हॉस्पिटलातल्या कुठल्याशा ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत राहिला… समोर पेन्शनवाल्या एक आजी पासबुक पुढे करून उभ्या होत्या. मी त्यांचं पासबुक भरून दिलं, त्यांच्या मागच्या तिघांचं काम केलं आणि मगच उठले. असं का केलं, हे आज सात आठवड्यांनीही मला सांगता येत नाही.

अंबुजाक्का माझ्या घरमालकीण. चेन्नईत मैलापुरात देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. वर त्या आणि त्यांचे यजमान विठ्ठलराव, खाली भाडेकरू मी. सहा वर्षांपूर्वी नाशिकहून बदली होऊन आले तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. टेम्पोवाल्याशी हातवारे करत रस्त्यात उभी होते, तेवढ्यात वरच्या खिडकीतून कुणीतरी मराठीत म्हणालं, "भिऊं नकों, मी आहें." तंजावरकडचं ते जुनं मराठी, तमिळ हेलाचं. दोघं नवरा-बायको घरात तेच बोलत, पण त्यांना देवनागरी वाचता येत नसे. शाळा तमिळ, हिशेब तमिळ, मराठी फक्त तोंडात.

आमची खरी गट्टी जमली ती मरायला टेकलेल्या एका झाडामुळे. एकटीला सोबत म्हणून मी एक सक्युलंट आणलं होतं, जाड पानांचं, कमळासारखं. रोज प्रेमानं पाणी घालत होते. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी, पारदर्शक झाली आणि हात लावला की गळायला लागली. जिन्यात ठेवलेली ती कुंडी बघून अक्का थबकल्या. "अय्यो, बुडवून मारलंस की!" त्यांनी झाड उपटलं, ब्लेड स्पिरिटनं पुसलं आणि देठाची चकती कापली. मध्ये तपकिरी ठिपका. आणखी वर कापलं, तरी ठिपका. मला बघवेना. वर बोटभर शेंडा उरला तेव्हा कुठे आतून स्वच्छ, हिरवट पांढरा देठ दिसला. "एवढंसुद्धा मागं ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या, "दया केली की सगळं जातं." कापल्या जागी त्यांनी दालचिनीची पूड लावली आणि तो शेंडा जुन्या वर्तमानपत्रावर कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिला. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले, तर माझा हातच धरला. "जखम आधी वाळूं दे. ओल्या जखमेला माती लागली की कूज." आठ दिवस तो तसाच पडून होता. चेन्नईच्या दमट हवेत तेवढे लागतातच. मग जाड रेती आणि विटेचा चुरा घातलेल्या मातीत त्यांनी तो नुसता टेकवला. पाणी मूळ आल्यावर. रोज ओढून बघायचा मोह होई, त्या वरून ओरडत, "झोपूं दे ग त्याला!"

त्यांच्या गच्चीवर अशा ऐंशी-नव्वद कुंड्या होत्या. मूल नव्हतं. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्या या झाडांत रमल्या. कुणाचं लग्न, कुणाचं घर, की अक्कांचं रोप पोचलंच. विठ्ठलरावांना मात्र त्या कुंडीला हात लावू देत नसत. "हे फार मायाळू," म्हणायच्या, "पाणी घालतील."

गेल्या नोव्हेंबरात चार दिवस पाऊस थांबला नाही. गच्चीवर घोटाभर पाणी तुंबलं. आम्ही दोघींनी कुंड्या उचलून जिन्यात, खोल्यांत, पलंगाखाली नेल्या. अक्का अनवाणी. खाली आलो तेव्हा फरशीवर त्यांच्या पावलांबरोबर रक्ताचे ठसे उमटत होते. फुटक्या कुंडीची खापरी तळव्यात रुतली होती आणि त्यांना कळलंही नव्हतं. मधुमेहानं पावलं बधिर झालेली. खापरी मी काढली, चिंधी बांधली. "डॉक्टरांकडे जाऊ," म्हटलं. "आधी झाडं. आणि यांना सांगूं नकों. घाबरतील, मला अंथरुणात बांधून ठेवतील." मी मान डोलावली. पुढचे दोन दिवस त्या बसून कुजलेले देठ कापत होत्या… माझ्या समोर, ओल्या चिंधीतला पाय दुमडून.

हे मी विठ्ठलरावांना अजून सांगितलेलं नाही. हा लेख ते वाचू शकणार नाहीत, म्हणूनच इथं लिहिण्याचं धाडस होतंय.

जखमेला वास यायला लागला तेव्हा डिसेंबर निम्मा सरला होता. पायाचा अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. अक्कांनी मार्गळी संपू दे म्हणून टाळलं. त्या महिन्यात पहाटे दारोदार मोठे कोलम, तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, घालतात. आजवर त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. त्या पाय ओढत घालत राहिल्या. जानेवारीत डॉक्टरांनी गुडघ्याखालून कापायला सांगितलं. तेव्हा मी चिडून म्हटलं, "अक्का, तुम्हीच शिकवलंत ना? दया केली की सगळं जातं!" "नीला, त्या शेंड्याला खालून मूळ फुटतं. मला काय फुटणार आहे?"

त्यांनी सही केली नाही. ताप चढला आणि उतरलाच नाही.

शेवटची भेट अतिदक्षता विभागात, पाच मिनिटांची. विठ्ठलराव औषधं आणायला खाली गेले होते. अक्कांनी डोळे उघडले. "तूं बघितलं होतंस ना, पहिल्या दिवशी?" मी हो म्हटलं. "मग ओरडायचं होतंस ग माझ्यावर." त्या रागावल्या होत्या, की मला थट्टेनं हलकं करत होत्या… मी ते वाक्य मनात सगळ्या सुरांत म्हणून पाहिलंय. एकही सूर पटत नाही. नर्सनं बाहेर जायला सांगितलं आणि मी गेले.

परवा रविवारी गच्चीवर गेले. विठ्ठलराव बादली आणि तांब्या घेऊन कुंडीमागून कुंडी पाणी घालत होते. बहुतेक झाडं बसली होती. पानं काचेसारखी, देठ काळे, मातीवर शेवाळ. मी एक उपटून ब्लेडनं कापत गेले. शेंड्यापर्यंत तपकिरी. दुसरं, तिसरं… तेच.

"काका, पाणी नको होतं घालायला," मी शेवटी म्हटलं. "मरतायत ती."

"माहीत आहे ग मला," ते म्हणाले. "इतकी वर्षं ती सांगत होती, मला काय कळत नाही होय? पण सकाळी उठून मी करूं काय?"

त्यांनी बादली पुन्हा नळाखाली धरली. मी ब्लेड पुसलं आणि खाली आले.

रोज सकाळी साडेसहाला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर गच्चीच्या पाइपातून पाणी पडायला लागतं. आधी बारीक, मग धार, मग नुसते थेंब. थेंब थांबले की मी दोन कप चहा ओतते आणि एक वर नेऊन देते.