रूडीच्या घरचा बॉयलर

आर्विड हाउतालानं जोडलेली नळी गळली, असं अमेरिकेतल्या आमच्या या सरोवराकाठच्या डुलुथमध्ये कुणी कधी म्हटलेलं नाही. कागदगिरणीतल्या वाफेच्या नळ्या, इस्पितळाचं बॉयलरघर, दोन शाळांची हीटिंग, सगळीकडं त्याचा हात फिरलेला. पण गावात त्याचं नाव होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. या माणसानं सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं, आणि टाकलं म्हणजे टाकलंच. आम्ही पाईपफिटर मंडळी नव्या पोरांना हे मोठ्या अभिमानानं सांगायचो. आता सांगताना जीभ जड होते.

रूडी त्याचा धाकटा भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा आर्विडनंच त्याला लहानाचा मोठा केला. युनियनमध्ये तो आला तोही आर्विडच्या शब्दावर. भर हॉलमध्ये उभं राहून, ‘‘याची जबाबदारी माझी,’’ असं आर्विड म्हणाला होता. दोघांची जोडी जमली. रूडी नळी कापायचा, घासायचा, जागेवर बसवून घट्ट धरायचा, आणि आर्विड सांधा वेल्ड करायचा. एकाची बोटं दुसऱ्याच्या ठिणग्यांपासून वीतभर अंतरावर. एकमेकांवर भरवसा नसेल तर हे काम होतच नाही.

मग संप झाला. गिरणीनं युनियनबाहेरचे स्वस्त फिटर आणले, आम्ही हत्यारं खाली ठेवली आणि गेटवर पिंपात लाकडं पेटवून उभे राहिलो. पहिला हिवाळा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात रूडीची बायको डोरिस अंथरुणाला खिळली. संपामुळे दवाखान्याचा विमा बंद पडलेला. एका सकाळी रूडी संप मोडून कामावर जायला हातात जेवणाचा डबा घेऊन गेटवर आला. पहाऱ्याला आर्विड होता.

‘‘आर्विड, डोरिसला रक्त चढवायचंय रे,’’ रूडी म्हणाला.

आर्विडनं पाठ फिरवली. रूडी आत गेला. त्या आठवड्यात हॉलमध्ये त्याचं नाव कापण्याचा ठराव आला, तो वाचायचं काम आर्विडनं स्वतःहून मागून घेतलं. आमच्याकडे सभेत प्रत्येक सभासदाला ‘बंधू’ म्हणायची रीत आहे. ‘‘बंधू रूडी हाउताला यांना युनियनमधून काढून टाकण्यात येत आहे,’’ असं त्यानं खणखणीत आवाजात वाचलं आणि तो जागेवर बसला. डोरिस वसंतात गेली. तिच्या अंत्यविधीला आर्विडची बायको हेल्मी एकटी गेली.

पुढं कुणी रूडीचा विषय काढलाच तर आर्विड म्हणायचा, ‘‘माझा भाऊ त्या गेटातून आत गेला, तो अजून बाहेर आलेला नाही.’’ आम्ही हसायचो. काय हसण्यासारखं होतं कुणास ठाऊक.

एक्क्याण्णव सालच्या हिवाळ्याआधीची गोष्ट. आमच्या युनियनचा एक रिवाज आहे. सरोवर गोठायच्या आधी एका शनिवारी सगळे फिटर हॉलमध्ये जमतात, कॉफी पितात, आणि एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन घर तापवणारे त्यांचे तळघरातले बॉयलर फुकट तपासून, साफ करून देतात. त्या वर्षी बर्फ लवकर आलं होतं. आमचा सेक्रेटरी बुकोवाक एकेक पत्ता मोठ्यानं सांगायचा, कुणीतरी ‘‘आम्ही जातो’’ ओरडायचं आणि जोडी बाहेर पडायची. होता होता एक घर उरलं.

‘‘टेकडीवरचं आहे,’’ बुकोवाक मान खाली घालून म्हणाला. ‘‘रूडीचं.’’

‘‘कोण रूडी?’’ मागून कुणीतरी मुद्दाम विचारलं. हशा पिकला.

‘‘फोन त्यानं स्वतःच केला. घर धड तापत नाही म्हणाला. कंबर गेलीय त्याची, तळघराच्या पायऱ्या उतरवत नाहीत. नाहीतर त्यानंच केलं असतं.’’

‘‘ज्यांच्याबरोबर आत गेला त्यांना बोलाव म्हणावं,’’ म्हातारा मल्वेनी म्हणाला. ‘‘येतील ना ते. एक गळती बंद करून दोन चालू करून देतील!’’

बुकोवाक हसला नाही. ‘‘आर्विड, तू बोल बाबा. तू हो म्हणालास तर मी स्वतः जातो. तू नको म्हणालास तर माझ्यानं कुणाला पाठववणार नाही.’’

सगळ्यांच्या नजरा आर्विडकडे वळल्या. त्यानं कॉफीचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

‘‘टेकडीवर माझ्या ओळखीचं कुणी राहत नाही,’’ तो म्हणाला.

आम्ही बाकं बडवली. होय, बडवली. असा माणूस आपल्यात आहे म्हणून ऊर भरून आला होता आमचा.

गाव लहान. आर्विड आपल्या वाट्याचं काम उरकून घरी पोचला, तोवर बातमी हेल्मीच्या कानावर गेली होती. ती बटाटे सोलत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

‘‘संप कधीचा संपला,’’ ती म्हणाली. ‘‘गिरणी विकली गेली. नव्या मालकानं ते गेटसुद्धा उपटून टाकलं. तू कुणासाठी पहारा देतोयस अजून?’’

‘‘तुला नाही कळायचं ते.’’

‘‘नाहीच कळत. पासष्टीचा झालास, आता देवालाही ठराव वाचून दाखवणार आहेस का?’’

‘‘दूध संपलंय ना?’’ आर्विडनं किल्ल्या उचलल्या. ‘‘आणतो.’’

दूध संपलं नव्हतं. गाडी कुठं जाणार हे हेल्मीला कळलं असावं, आणि ती मनात देवाचे आभारच मानत असावी.

संध्याकाळचा उजेड अजून होता. आर्विडनं गाडी रूडीच्या घरासमोर रस्त्यापलीकडं उभी केली. बाकी काही न बघता त्यानं आधी धुराडं बघितलं; आमच्या धंद्यातल्या माणसाची नजर आधी तिथंच जाते. शेजारपाजारच्या प्रत्येक छपरावर पांढऱ्या वाफेचा झोत सरळ वर चढत होता. थंडीच तशी होती. रूडीच्या धुराड्यावर काहीच नव्हतं. आणि खिडक्या? त्या आतून पाझरत होत्या. काचांवरून पाण्याचे ओघळ चालले होते, खालच्या मजल्यापासून वरच्यापर्यंत, तळघराच्या झरोक्यालासुद्धा.

याचा अर्थ आर्विडला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बॉयलर चालू होता, पण त्याची वाफ आणि धूर वर जात नव्हता. धुराडं कुठंतरी तुंबलं होतं आणि सगळं घरात कोंडत होतं. त्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही; माणूस बसल्या जागी झोपेतच जातो.

काचेआड खुर्चीत रूडी बसलेला दिसत होता. अंगावर घोंगडी. केस पार पांढरे झालेले. एकदा हात उचलून त्यानं कपाळ चोळलं.

आर्विडनं गाडीचं दार उघडलं, एक पाय बर्फात टाकलासुद्धा. आणि तिथंच अडला. दार वाजवायचं, रूडी उघडणार, मग? मग बोलायचं काय? इतक्या वर्षांनंतर पहिला शब्द कोणता काढायचा? उद्या हॉलमध्ये पोरं काय म्हणतील? शनिवारी सकाळी ज्याची ओळख नव्हती, त्याच्या घरात हा संध्याकाळी शिरला. त्यानं पाय आत घेतला, दार ओढलं.

अगदीच तसा निघून गेला असं नाही. दुकानात दूध घेताना त्यानं तिथल्या फोनवरून बुकोवाकला गाठलं.

‘‘टेकडीवरच्या घरी कुणालातरी पाठव.’’

‘‘हो म्हणतोस ना?’’ बुकोवाकचा आवाज खुलला. ‘‘बरं केलंस, आर्विड. फार बरं केलंस. आत्ता जाऊ का?’’

आता बघा, एवढंच म्हणायचं होतं, आत्ता जा. पण मग बुकोवाकनं विचारलं असतं, का रे, इतकी घाई कसली? तुला कसं कळलं? तू तिथं काय करत होतास?

‘‘सकाळी जा,’’ आर्विड म्हणाला. ‘‘आधी धुराडं बघा.’’

इतके दिवस गेले, एका रात्रीनं काय होतंय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. थंडी वाढली की बॉयलर जास्त वेळ पेटतो हे पोराटोरालाही कळतं. त्याला काय कळत नव्हतं?

सकाळी बुकोवाक आणि मल्वेनी गेले. होय, मल्वेनीसुद्धा; तो न बोलावता गाडीत येऊन बसला होता. दार कुणी उघडेना, तेव्हा त्यांनी काच फोडली. रूडी खुर्चीतच होता. घोंगडी तशीच, अंगात जीव नाही, आणि त्या वायूनं गाल लालबुंद, जणू शेकोटीपासून उठून आलाय. मल्वेनी बाहेर येऊन पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

रूडीला पुरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आर्विड हत्यारांची पेटी घेऊन टेकडीवर गेला. रूडीची मुलगी जोअ‍ॅन मिलवॉकीहून आली होती आणि त्या गारठलेल्या घरात कोट घालून बापाचे कपडे आवरत होती. गेटवरच्या त्या सकाळी ती शाळकरी पोर होती. त्यानंतर काकाला तिनं लांबूनच पाहिलेलं.

‘‘बॉयलर बघतो,’’ तो म्हणाला. तिनं त्याला आत घेतलं, कोट खुंटीला टांगायला लावला.

तळघरात त्यानं धुराड्याला जाणारी नळी सोडवली. आतून विटांचे तुकडे आणि चुन्याचा चुरा भसकन खाली आला, एक बादली भरली. बस, एवढंच. नव्या पोरालासुद्धा तासाभरात उरकता आलं असतं. त्यानं सगळं साफ केलं, नळी नीट बसवली, बॉयलर पेटवला, आणि हात पुसत वर आला. जोअ‍ॅननं कॉफी केली होती.

‘‘काका, एक विचारू?’’ ती म्हणाली. ‘‘बाबा स्वतः फिटर होते. त्यांना कसं कळलं नाही?’’

‘‘आत बसलेल्याला नाही कळत, पोरी. डोकं जड होतं. झोप येते.’’

‘‘आणि बाहेरून? बाहेरून कुणाच्या लक्षात आलं असतं का? शेजारी म्हणतात, काहीच दिसत नव्हतं.’’

तिनं आयताच रस्ता करून दिला होता. नाही म्हटलं असतं तर त्या घरात त्याला उरलेला जन्म काका म्हणून येता आलं असतं.

‘‘माझ्या लक्षात आलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘मी समोर गाडीत बसलो होतो.’’

जोअ‍ॅन उठली, खुंटीवरचा त्याचा कोट काढून त्याच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.