प्लास्टरचा कॉम्प्युटर

मंडळी, पेणच्या सायबर कॅफेतून लिहितोय. घाईत टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

निघालो होतो रोह्याला. गाडी चुकली म्हणून भटकत भटकत एका गावातल्या प्राथमिक शाळेत शिरलो. तिथं कॉम्प्युटरचा तास चालू होता, पण कॉम्प्युटर चक्क प्लास्टरचा! खरा मिळेना म्हणून बाईंनी गणपतीच्या कारखान्यातून करून आणलेला. रंगवलेल्या बटणांवर तिसरीतली सुरेखा आपलं नाव टाइप करत होती.

तेवढ्यात तिचा बाप आला, धाटावच्या एमआयडीसीतली शिफ्ट संपवून. "कंपनीत काचेमागं खरा बघतो मी! बाई, गरिबाच्या पोरांना खेळणी देऊन फसवता व्हय?" म्हणत त्यानं तो उचलला आणि फरशीवर आपटला. एक तुकडा उडून बाईंच्या कपाळाला लागला, भळाभळा रक्त. मी आडवा गेलो, तर पोटात लाथ बसली.

मग सुरेखानं प्लास्टरचा माउस उचलला आणि बापाच्या तोंडावर फेकून मारला. त्याचा ओठ फाटला.

"माझं नाव अजून पुरं नाय झालेलं!" ती किंचाळली.

बापानं हात उगारला. मग काय झालं कुणास ठाऊक, तो मटकन खाली बसला आणि तुकडे चाचपायला लागला.

"कुठलं अक्षर रायलं गो?"

"एच. आन् ए."

मी निघालो तेव्हा दोघं ती बटणं शोधत होती.

कुणाकडे जुना कीबोर्ड पडलाय का? बंद असला तरी चालेल.